आबाजींनी कोंबडी मागितली तेव्हा

माझ्या आजोबांनी वारल्यानंतर, वर्ष भरायला दोन दिवस कमी असताना, कोंबडी मागितली.

आजोबा माळकरी होते. जन्मभर अंड्यांची गाडी दिसली तरी रस्ता बदलायचे. त्यामुळे आमच्या घरात जो गोंधळ उडाला तो अगदी स्वाभाविक होता. मी एवढंच कबूल करते, की त्या मागणीत माझा हात होता. हात म्हणण्यापेक्षा, जीभ.

आधी माझ्याविषयी थोडं सांगते. (फार सांगणार नाही. सवय नाही.) मी घरात कमी बोलते. कमी बोलणारी मुलगी लोकांना आपोआप हुशार वाटते, आणि तिच्या हातात वाचायचं काही असेल तर विद्वानच वाटते. माझ्या हातात ई-रीडर असतो. रात्री दिवे मालवल्यावर मी अंथरुणात पडून त्यावर इंग्रजी कादंबऱ्या वाचते. माझ्याच खोलीत आत्या झोपते. ती पप्पांची मोठी बहीण. तिचे यजमान गेल्यापासून साकोलीला आमच्याकडेच असते. माझ्या ई-रीडरला ती ‘पाटी’ म्हणते.

“पोट्टी रातभर तोंडावर चांदणं पाडून घेते अन् वाचते,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगते. “एवढी वाचते, एवढी वाचते, का मले तं तिच्या डोळ्याईचंच भेव वाटते!”

म्हणून आबाजींचं वर्षश्राद्ध बारा दिवसांवर आलं आणि संध्याकाळी पोथीचा अध्याय कोणी वाचायचा असा प्रश्न निघाला, तेव्हा आत्याने क्षणाचाही विचार केला नाही.

“तनू वाचन. घरात एवढी शिकलेली असतां बाहेरचा मानूस कायले?”

पप्पांनी मान हलवली. मम्मीने मान हलवली. मीसुद्धा मान हलवली, कारण न हलवण्यासाठी काहीतरी बोलावं लागलं असतं.

आता खरी गोष्ट. मला मराठी वाचता येत नव्हतं.

म्हणजे अक्षरं यायची. पण एकेक यायची, बँकेच्या रांगेतल्या माणसांसारखी, आणि पुढचं आलं की मागचं निघून जायचं. शाळा इंग्रजी. मराठीचा पेपर मी पाठांतरावर काढत आले होते. ‘घ’ आणि ‘ध’ यांत कोणाची गाठ कुठे, हे मला अंदाजाने ठरवावं लागे. ‘द’ आणि ‘ड’ हे तर मला जुळे भाऊ वाटायचे. जो समोर येईल त्याला मी ‘ड’च म्हणायची. घरात कोणालाही याची कल्पना नव्हती. ज्या घरात आपल्याला विद्वान समजतात तिथे ‘मला क, ख, ग नीट येत नाही’ हे कसं सांगायचं?

आणखी एक होतं, ते त्याहून अवघड. आबाजींना शेवटच्या वर्षी लकवा मारला होता. बोलणं पार तुटून गेलं. एकेक अक्षर खोल विहिरीतून ओढून काढल्यासारखं यायचं. “पा… णी.” “ला… ईट.” त्या दिवसांत ते संध्याकाळी पोथी माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, “वा… च.” आणि मी दर वेळी म्हणायची, “उद्या नक्की, आबाजी.”

मग एक दिवस उद्या आलाच नाही.

तेव्हा या वेळी वाचायचंच, असं मी ठरवलं. बारा दिवस हातात होते. प्रश्न होता जागेचा. अंथरुणात वाचावं तर शेजारी आत्या. आणि मला मनात वाचून चालणार नव्हतं, तोंडाने वाचायचं होतं. अशी एकच खोली घरात होती जिथे वर्षभर कोणी पाऊल टाकलं नव्हतं. मागाची खोली.

आबाजी कोसा, म्हणजे टसरचं रेशीम, विणायचे. घराच्या मागच्या अंगाला त्यांचा खड्डामाग अजून तसाच आहे. जमिनीत कमरेइतका खड्डा. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तळाच्या फळ्या, म्हणजे पावड्या, पायाने दाबतो, आणि आडवा धागा ठोकून बसवायला फणी हातांनी ओढतो. मागावर आबाजींचं शेवटचं कापड अर्धवट राहिलं होतं. पुढे वीतभर विणलेला कोसा, आणि मागे भिंतीपर्यंत ताणलेले नुसतेच धागे. पप्पांना ते कापावेसे वाटत नव्हते, आणि विणण्याची कला पप्पांनी कापडाचं दुकान टाकलं तेव्हाच सोडली होती. खोलीतला बल्ब केव्हाच गेला होता. खिडकीला आतून पत्रा ठोकलेला.

पण ई-रीडरला बल्ब लागतो कशाला? त्याचा स्वतःचा उजेड असतो, फिकट, दुधाळ. तेवढा मला पुरेसा होता. रोज दिवेलागणीला पप्पा दुकानात, मम्मी स्वयंपाकघरात आणि आत्या मालिकेपुढे बसली, की मी मागच्या दाराने सटकायची आणि थेट खड्ड्यात उतरून तळाशी पाय दुमडून बसायची. खड्ड्यात गारवा असायचा. ओल्या मातीचा आणि कोशाचा वास यायचा. डोक्यावर धागेच धागे, आणि खालून उजेड पडला की त्यांच्या सावल्या छतावर अशा पसरायच्या, जणू कोणी हाताची बोटं ताणून धरली आहेत. हजारो बोटं. (मी वर बघायचं टाळायची.)

सरावासाठी मी एक फुकटचं पाककृतींचं मराठी पुस्तक उतरवून घेतलं. पोथी देवघरात कापडात बांधलेली. ती हलवली असती तर चौकशी झाली असती. शिवाय पाककृतींत वाक्यं लहान असतात. कोणी पकडलंच तर ‘स्वयंपाक शिकते आहे’ म्हणता आलं असतं, आणि मम्मीने आनंदाने रडायला सुरुवात केली असती.

अक्षरं मी सगळ्यांत मोठी केली. इतकी मोठी, की एका पानावर जेमतेम दोन शब्द मावायचे. दुसऱ्यात जागा नसेल तर तो मधूनच तुटायचा आणि उरलेला पुढच्या पानावर जायचा. पान उलटलं की पडदा एकदम काळा व्हायचा, मग पांढरा, आणि नवा शब्द यायचा. पण मागचा शब्द पूर्ण जायचा नाही. नव्या शब्दाच्या मागे त्याची पुसट सावली उभी राहायची. अशा पडद्यांचा तो दोषच आहे, हे मला माहीत होतं. तरी अंधारात, खड्ड्यात, कोणीतरी गेलेला शब्द जायला तयार नाही हे बघून मानेवर काटा यायचा.

पहिल्या दिवशी मी वाचलं, “शे… व… यां… ची… खी… र.” अर्धा तास लागला. घामाघूम झाले. पण झालं!

दुसऱ्या दिवशी जेवायला शेवयांची खीर होती.

योगायोग, मी म्हटलं. चौथ्या दिवशी मी “भ… र… ली… वां… गी” वाचली आणि पाचव्या दिवशी ताटात भरली वांगी आली. आता माझा घास हातातच राहिला. कारण चातुर्मास चालू होता, आणि चातुर्मासात आत्या वांग्याकडे बघतसुद्धा नाही!  पप्पा ताटाकडे न बघता भिंतीकडे बघून जेवत होते.

“मम्मी, आज वांगी?” मी विचारलं.

“खाय ना चुपचाप,” मम्मी म्हणाली.

“आली तं आली,” आत्या म्हणाली, आणि हळूच मागच्या दाराकडे बघितलं. मीही तिकडे बघितलं. मागाच्या खोलीच्या उंबऱ्यावर पळसाचं पान होतं. पानावर एक भरलं वांगं. शेजारी पाण्याचा पेला.

 मी त्या खोलीत जे नाव काढत होते ते दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर येत होतं. कोण ऐकत होतं? मी तर नुसतं कुजबुजत होते, आणि तेही मालिका मोठ्याने चालू असताना! मग मला त्या पडद्यावरच्या सावल्या आठवल्या. आणि ‘वा… च’ म्हणून पुढे आलेला तो हात.

शहाण्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं. मी खात्री करून घ्यायचं ठरवलं. सहाव्या दिवशी खड्ड्यात बसून, मागे-पुढे बघून, पुस्तकाचं शेवटचं प्रकरण काढलं आणि नीट, स्पष्ट वाचलं, “गु… ला… ब… जा… म.”

सातव्या दिवशी गुलाबजाम! बारा! पाकात!

भीती एकीकडे आणि गुलाबजाम एकीकडे. मी पाच खाल्ले. रात्री अंथरुणात नेहमीप्रमाणे ई-रीडर उघडला आणि लगेच बंद केला. त्यात चेहरा दिसला होता. (माझाच होता. पण हे समजायला वेळ लागला.)

आता भिंतीच्या पलीकडे काय चाललं होतं ते सांगते. हे मला नंतर कळलं.

मागाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीत वर धूर जायला ठेवलेलं भोक आहे. मालिका चालू असेपर्यंत पलीकडचं काही ऐकू येत नाही. पण श्रावणात आमच्याकडे दिवेलागणीलाच लाईट जाते. लाईट गेली की टीव्ही बंद, पंखा बंद, सगळं घर चिडीचूप आणि काळोखात. मला मात्र यातलं काहीच कळायचं नाही, कारण मागाच्या खोलीला बल्बच नव्हता, माझी पाटी स्वतःच्या उजेडावर चालू, आणि अक्षरांशी झगडताना टीव्ही थांबलेला कानाला कळायचा नाही! मी आपली निर्धास्तपणे खड्ड्याच्या तळातून, घागरीत तोंड घालून बोलावं तशी, एकेक अक्षर ओढून काढत बसलेली.

आणि पलीकडे आत्या आणि मम्मी मेणबत्ती शोधताना थिजून उभ्या.

“आयकलं का वो?” आत्याने पहिल्या दिवशी विचारलं म्हणे.

“बाई, मले तं घुशी वाटते.”

“घूस खीर मागते का? बाबा होय! असेच बोलत होते ना शेवटी? शे… व… यां… ची. एकेक अक्षर तोडून! अवो माय, बाबा भुकेले हायेत!”

माझा आवाज त्यांना कसा ओळखू आला नाही, असं कोणी विचारेल. पण मी घरात इतकी कमी बोलते, की माझा आवाज कोणाच्या फारसा ओळखीचाच नव्हता. आणि मला यातलं काही सांगायचं नाही, असं तिघांनी ठरवून टाकलं होतं. “पोट्टी नाजूक हाय. भेऊन जाईन. वाचनाचं सारं इसरून जाईन.” म्हणून मी खोलीत आले की तिघं गप्प व्हायचे. मला वाटायचं, यांना माझं गुपित समजलं. मी आणखी गप्प व्हायची. अशा घरात चार माणसं राहत होती आणि चौघंही एकमेकांना घाबरून चालत होती.

दहाव्या दिवशी मी मोड आलेल्या मटकीच्या उसळीला हात घातला. पहिलं वाक्य होतं, ‘मटकीला कोंब दिसू लागले की ती वाफवून घ्यावी.’ साधं वाक्य. पण मोठ्या अक्षरांमुळे पहिल्या पानावर आलं ‘मटकीला’. दुसऱ्या पानावर आलं ‘कोंब दि’. आणि ‘सू’ पुढच्या पानावर राहिला. तो ‘द’ मला, सवयीप्रमाणे, ‘ड’ दिसला.

“म… ट… की… ला…” मी वाचलं. “कों… ब… डि…”

अर्थ लागेना. मटकीला कोंबडी कशाला? मी पुन्हा वाचलं. “कों… ब… डि.” पान उलटायला गेले तर ई-रीडर अडकला. मागच्या पानाची सावली तेवढी पडद्यावर हलली. मी तिसऱ्यांदा, जरा चिडूनच, वाचलं, “कोंब… डि! कोंब… डि!”

भिंतीपलीकडे काहीतरी धाडकन पडलं. मी श्वास रोखून बसले. मग उठले आणि मागच्या दाराने पळाले.

पलीकडे पातेलं पडलं होतं. आणि पातेल्याशेजारी आत्या बसली होती.

“सुधाकर,” पप्पा दुकानातून आल्याबरोबर ती म्हणाली, “बाबा बाटले.”

“काय?”

“कोंबडी मांगते बाबा! तीनदा मांगतली! अन् तेही साधी नाई. मटकीतली! हंडीत शिजवलेली पाह्यजे!”

“बाई, शुद्धीवर ये जरा. आपला बाप माळकरी होता.”

“होता ना! आता तठी कोणाची संगत लागली असन, आपल्याले का मालूम?”

“श्रावणात कोंबडी?” मम्मी रडकुंडीला आली. “माझ्या चुलीवर? मी माहेरी चालली जाईन!”

“अन् नाई देल्ली तं? परवा वर्षश्राद्ध. कावळ्यानं पिंडाले नाई शिवलं तं चार लोकाईत काय सांगशीन? आमचे बाबा कोंबडीसाठी अडले?”

 आमच्या घराण्याच्या इतिहासात एवढा मोठा धर्मसंकटाचा प्रसंग आला नव्हता. शेवटी तोडगा काढला आत्यानेच.

“आपण देवाले निवद देतो का दाखवतो?”

“दाखवतो,” पप्पा म्हणाले.

“देव खाते का?”

“नाई.”

“मंग! कोंबडी बाबाले नुसती दाखवाची. जिती. अन् आणून घ्याची भाईर. ना कापाची, ना शिजवाची. बाबाची इच्छाबी पुरी, अन् माळबी शाबूत!”

दुसऱ्या दिवशी आत्या बाजारात गेली. आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीवाल्यासमोर उभी राहिली, डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढून. “कापून देऊ का, मावशी?” त्याने विचारलं. “नाई रे बापा,” आत्या म्हणाली, “दाखवाची हाय.” आणि कोंबडी पिशवीत घालून, ओळखीच्या कोणी बघू नये म्हणून वरून दोन जुड्या कोथिंबीर टाकून घरी आली. (कोंबडीने वाटेत एक जुडी संपवली.)

वर्षश्राद्धाची आदली संध्याकाळ. माझा शेवटचा सराव. मी खड्ड्यात उतरले आणि ई-रीडर उघडला, पण वाचायला तोंड उघडेना. खोली नेहमीसारखी नव्हती. म्हणजे तशीच होती, पण जास्त ऐकत होती. बाहेरचा पाऊस थांबला होता. स्वयंपाकघरातून एरवी भांड्यांचा आवाज यायचा, तोही नव्हता. उद्या वीस माणसांपुढे वाचायचं. येईल का? मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, आबाजी, तुम्ही जर इथे असाल, तर एवढ्यापुरतं सांभाळून घ्या.

दार करकरलं.

इतक्या दिवसांत ते दार माझ्याशिवाय कोणी उघडलं नव्हतं. मी ई-रीडर छातीशी दाबला. उजेड गेला. मिट्ट काळोख. दार हातभर उघडलं आणि त्या फटीतून एक आवाज आला, अगदी हळू, थरथरता:

“बाबा… आणली. पाहून घ्या…”

काहीतरी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. दार लोटलं गेलं. मग शांतता.

मग शांततेत एक धागा वाजला. टंग्.

आबाजींच्या ताण्याचा धागा. त्यानंतर शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. टंग्… टंग्… कोणीतरी त्या ताणलेल्या धाग्यांवरून, एकेका पावलाने, माझ्या दिशेने येत होतं. मला ओरडायचं होतं. पण मी लाजाळू आहे. मला वेळेवर ओरडताही येत नाही. मी हळूहळू, वाकूनच, अर्धवट उठले, तर डोकं तेवढं खड्ड्याच्या वर आलं. आणि त्याच क्षणी काहीतरी उबदार, मऊ आणि नखं असलेलं माझ्या डोक्यावर येऊन बसलं.

मी किंचाळले. तेही किंचाळलं. माझा पाय पावडीवर पडला, माग करकरला, हातातला ई-रीडर काठावर आदळला आणि त्याचा पांढरा उजेड खालून थेट माझ्या तोंडावर पडला.

तेवढ्यात पप्पांनी दार उघडलं.

त्यांना काय दिसलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला हवं. जमिनीवर एक डोकं. नुसतं डोकं, धडाशिवाय. पांढरंफटक. केस विस्कटलेले. आणि डोक्यावर हळद-कुंकू लावलेली कोंबडी.

“अरे बापा रे!” पप्पा तीन पावलं मागे गेले.

आत्याने मात्र तिथेच लोटांगण घातलं. “बाबा! चुकलं बाबा! हंडीतलीच आणतो, पण असं रूप नोका घेऊ!”

“अवो बाई,” मागून मम्मीचा आवाज आला, “बाबाईले क्लिप कोठची? ते तं माह्या पोरीची क्लिप होय!”

पप्पांनी टॉर्च मारला. कोंबडी उडून आत्याच्या पाठीवर बसली. मी खड्ड्यातून दोन्ही हात वर केले, पोलिसांपुढे करतात तसे.

“तनू? तू अठी काय करून राहिली?”

“वाचते आहे.”

“काय?”

“मराठी.” आणि मग, अकराव्या दिवशी, मी ते वाक्य बोलले. “पप्पा, मला मराठी वाचता येत नाही.”

 पप्पांनी माझा ई-रीडर उचलला. चष्मा लावला. पान तिथेच अडकलेलं होतं. त्यांनी बोटाने दाबलं तसं पुढचं पान आलं, मग त्याच्या पुढचं. ते वाचू लागले, “कोंब… दि… सू लागले की ती वाफवून…”

“काय लिवलं हाय?” आत्याने पाठीवरच्या कोंबडीसकट विचारलं.

“उसळ, बाई. मटकीची उसळ.”

आत्या हळूहळू उठून बसली. “मटकी… म्हंजे आपली मटकी?” मग तिने कोंबडीकडे बघितलं. “अन् मी इच्या पाया पडली वो! कुंकू लावलं! कोथिंबीर चारली!” आणि मग माझ्याकडे. “अन् गुलाबजाम?”

“तेही मीच,” मी म्हटलं.

“ते मले वाटलंच होतं,” मम्मी म्हणाली. “मामंजीनं जिते असतां कधी गुलाबजामाले हात नाई लावला.”

पहिल्यांदा पप्पा हसले. मग मम्मी. आत्या सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत जास्त. हसता हसता तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “पण काही म्हणा, मागाच्या फणीचा आवाज आयकून मले वाटलं, बाबाच होय. रोज वाचणं झालं का मागून तो ठोका. ठक्. ठक्.”

“तो माझा पाय असेल,” मी म्हटलं. “पावडीवर पडत असेल.”

पप्पा हसायचे थांबले. विणकराचा मुलगा आहे. हात सुटला तरी कान सुटलेला नाही.

“पावडी करकरते, बेटा,” ते म्हणाले. “ठक् वाजत नाई. ठोका हातानं बसते. फणी दोन्ही हातानं ओढावी लागते.”

माझे दोन्ही हात अकरा दिवस ई-रीडरला होते.

आम्ही चौघांनी मागाकडे बघितलं.  पप्पांनी टॉर्च खाली केला आणि आम्ही एकापाठोपाठ एक, जरा घाईने, बाहेर पडलो. कोंबडी सगळ्यांच्या पुढे होती.

दुसऱ्या दिवशी वीस माणसांपुढे मी पोथी उघडली. बदली वाचणारा शोधायला वेळच राहिला नव्हता. सुरुवात केली. एकेक अक्षर. विहिरीतून ओढल्यासारखं. दोन ओळींना पाच मिनिटं. आता लोक हसणार, असं वाटून मी हळूच वर बघितलं, तर म्हाताऱ्यांनी डोळे मिटले होते. सानगडी गावाहून आलेले आबाजींचे एक मित्र धोतराच्या सोग्याने डोळे टिपत होते.

“अगदी त्याच्यासारखं,” ते पुटपुटले. “तोच बसला हाय समोर.”

मी वाचत राहिले. ‘उद्या’ म्हणून टाळलेलं सगळं वाचलं. तिसऱ्या पानावर मात्र सरावाचा गुण दिसायला लागला. शब्द अख्खे यायला लागले, द हा द दिसायला लागला आणि मी खूश होऊन वेग घेतला. तर आत्याने मागून कोपर मारलं.

“हळू! चांगलं नोको वाचू! लोक रडून राहिले ना!”

तेव्हापासून दर श्रावणात ते वाचन माझ्याकडे आहे. कोंबडी परसात असते. तिचं नाव मटकी. तिची अंडी शेजारी जातात, आत्या ती देताना तोंड फिरवते. मी आता रोज रात्री अंथरुणात ई-रीडरवर मराठी वाचते, आणि खरं सांगायचं तर बरीच बरी वाचते. पण हे आमच्या घरात बोलायचं नाही असं ठरलं आहे. परवाच आत्या शेजारणींना कौतुकाने सांगत होती, “आमची तनू एवढी शिकली, एवढी शिकली, पण मजाल हाय का तिले वाचता येईन!”

मी मान खाली घातली, पाटी उचलली आणि या वर्षीचा अडखळायचा सराव करायला खड्ड्यात उतरले.

(जरा सरकून बसले. जागा ठेवावी लागते.)